उकंडाजींनी घेतलेली शिंक

जातं घरोघरी होतं आणि चष्मा अजून कुणाच्याच नाकावर बसला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. वऱ्हाडात पूर्णेच्या काठी निमखेड नावाचं गाव आहे. तिथं एका पाथरवटाच्या घरी मूल जगत नव्हतं. पुन्हा एक मुलगा झाला, तेव्हा गावची सुईण पुंजामाय हिनं नाळ कापली आणि पोराला उचलून थेट उकिरड्यावर लोळवून आणलं. मरणाला वाटावं, हे टाकून दिलेलं पोर, ह्याला नेऊन काय करायचं. म्हणून त्याचं नाव उकंडा. तो जगला.

पाथरवटाचं काम म्हणजे घरोघरच्या झिजलेल्या जात्यांना टाकी लावायची, छिन्नीनं ठोकून दगड पुन्हा खरबरीत करायचा. छिन्नीखालून कपची उडते आणि नेमकी डोळ्यात जाते. बापाच्या डोळ्यातली कपची काढायचं काम उकंडाकडे होतं. ओल्या कापसाची बारीक वात करून तो ती अशी उचलायचा, की बापाची पापणी हलत नसे. मग शेजारचे यायला लागले. कुणाच्या डोळ्यात ज्वारीचं कूस, कुणाच्या डोळ्यात चिलट. झोपलेल्या गड्याच्या डोळ्यातलं कूस त्यानं काढलं आणि गडी जागासुद्धा झाला नाही, असं म्हणतात.

पण पुढे बापाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि तिथं ओल्या वातीचं काही चालेना. बाप चाचपडत जगला आणि चाचपडतच गेला. त्याचे दिवस आटोपून उकंडा घराबाहेर पडला तो बऱ्हाणपूरच्या बाजूला एका म्हाताऱ्या वैद्याकडे पोचला. हा वैद्य मोतीबिंदू बसवायचा. तांब्याची सळई, टोक जवाच्या दाण्यासारखं. ती बुबुळाच्या कडेनं आत घालायची आणि पांढरा झालेला मोती अलगद खाली सारायचा. उकंडानं वर्षानुवर्षं त्याची पिशवी वाहिली, खाटकाकडून बकऱ्याचे डोळे आणून त्यांवर हात बसवला. निघताना वैद्यानं एकच गोष्ट बजावली. एका डोळ्यात सळई एकदाच. बसलेला मोती पुन्हा वर आला, तर तो डोळा गेला म्हणून समजायचं.

गावात परतल्यावर पारावरच्या मंडळींनी त्याची चांगलीच फिरकी घेतली.

"काय रे पाथरवटा, आता डोळ्याले बी टाकी लावतं का?"

"तुह्या डोक्यापासून सुरू करू काय?" उकंडा म्हणाला. "तिथं दगड लय टणक दिसते."

मंडळी हसली, आणि यथावकाश त्याच मंडळींच्या आईबापांना दिसायला लागलं. उकंड्याचा उकंडाजी झाला. सकाळच्या उन्हात रोग्याला बसवून ते सळई घ्यायचे, तेव्हा झाडावरचे कावळेही गप्प व्हायचे, असं म्हणतात. आंधळे काठी टेकत यायचे आणि जाताना काठी तिथंच टाकून जायचे. त्या काठ्यांचं त्यांच्या शेताला कुंपण झालं.

अशात एके दिवशी पुंजामाय त्यांच्या ओसरीवर येऊन बसली. तिचा एक डोळा देवीच्या साथीत लहानपणीच गेला होता. उरलेल्या एका डोळ्यात आता मोतीबिंदू पिकला होता. उकंडाजींनी डोळा पाहिला आणि हातातली सळई खाली ठेवली.

"काहून रे उकंड्या? लोकायच्या डोळ्यात सळई घालतं, अन् माह्या डोळ्याले भेतं?"

"माय, तुह्याजवळ एकच डोळा हाय. काही इकडंतिकडं झालं त?"

"आता तरी तो कोन्या कामाचा हाय? तुले उकिरड्यावर नेलं तवा म्या इचारत बसली होती का, जगन का मरन म्हनून? घे ते सळई."

उकंडाजींनी सळई घेतली. मोती नीट खाली बसला. पुंजामायला समोरचं निंबाचं झाड दिसलं, आणि लगेच त्यांनी तुपात भिजवलेला कापूस ठेवून पट्टी बांधली. मग तिला उताणं निजवलं आणि सांगितलं, पट्टी सुटेपर्यंत हसायचं नाही, खोकायचं नाही, वाकायचं नाही. शिंकायचं तर मुळीच नाही. एका शिंकेनं मोती वर येतो.

हे त्यांनी पुंजामायला सांगितलं. गल्लीला सांगायचं राहून गेलं.

गल्लीतली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली. माय बरी होणार म्हणून घरोघरच्या बायांना भरून आलं. मायला झणझणीत आवडतं, हे सगळ्यांना ठाऊक. तेव्हा प्रत्येकीनं तिच्यासाठी म्हणून चूल पेटवली आणि कढत तेलात लाल मिरच्या टाकल्या. एकाच वेळी, घरोघर. खकाणा उठला तो गल्लीत मावेना. कुत्री शिंकली, बैल शिंकले, पारावरचे म्हातारे डोळे पुसत उठले. आणि तो खकाणा पुंजामायच्या खाटेपाशी पोचला.

उकंडाजी ओरडत धावले. "चुली इझवा! पानी टाका!" बायांनी हंडेच्या हंडे ओतले. पण तोवर पुंजामायचं नाक फुललं होतं. उकंडाजींनी तिच्या ओठावर अंगठा दाबला.

"उकंड्या, येते रे. आता नाही थांबत."

"मले दे, माय. ते शिंक मले दे."

आणि शिंक आली. पण पुंजामायला नाही, उकंडाजींना आली. अशी आली की ते भिंतीवर जाऊन आदळले. मग दुसरी आली, तिसरी आली. तो खकाणा निवळेपर्यंत ते शिंकत राहिले, त्यांच्या नाकातून रक्त आलं, आणि पुंजामाय मात्र पाटीवरच्या रेघेसारखी सरळ पडून होती. तिच्या सगळ्या शिंका त्यांनी आपल्या अंगावर घेतल्या, असं म्हणतात. त्यानंतर पट्टी सुटेपर्यंत गल्लीत फोडणी पडली नाही. फिकं वरण आणि भाकर, एवढंच सगळ्यांनी खाल्लं.

पट्टी सोडली. पुंजामायनं डोळा उघडला, मिचकावला, आणि समोरच्या माणसाकडे बराच वेळ पाहिलं.

"अरे बापा," ती म्हणाली, "उकंड्या, तू त म्हतारा झाला!"

उकंडाजी तेव्हा रडले. त्यांना कुणी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

आता निमखेडची माणसं मोतीबिंदूसाठी तालुक्याच्या दवाखान्यात जातात आणि संध्याकाळी काळा चष्मा लावून घरी येतात. डॉक्टर सांगतात, हल्ली एवढं जपायचं काही कारण नाही. बाया मान डोलावतात. पण ज्या गल्लीत काळा चष्मा येतो, त्या गल्लीत आठवडाभर फोडणी पडत नाही. पोरं कुरकुरतात, पाहुणे तोंड वाकडं करतात, तरी पडत नाही. आणि एवढं करूनही रोग्याच्या नाकात कधी हुळहुळलंच, तर घरातली सगळी माणसं एकदम म्हणतात, "उकंडाजी, घ्या!"

तेव्हा नदीकाठी, जिथं त्यांच्या समाधीचा ओटा आहे, तिथं कुणीतरी मोठ्यांदा शिंकतं, असं म्हणतात.