गार चुलीची राख

एकदा एका म्हाताऱ्या कुंभाराच्या हाताखाली गेनू नावाचा शिष्य होता. शिष्य म्हणजे पोरसवदा नव्हे. चांगला चाळिशी उलटलेला, नुकताच विधुर झालेला माणूस. त्यांच्याकडे भांड्यांना राखेची झिलई देत. लाकडाची राख चाळायची, मातीच्या पाण्यात कालवायची, त्यात भांडे बुडवून भट्टीत ठेवायचे. आगीत राख वितळून तिची काच होते. रंग कोणता येईल, हे भट्टी उघडेपर्यंत ब्रह्मदेवालाही ठाऊक नसते!

गेनूची बायको साळू हयात असताना एका वाडग्यावर गर्द निळा रंग उतरला होता. त्या खेपेची राख तिने आपल्या चुलीतून आणून दिली होती. ती गेली आणि गेनूने ध्यास घेतला, तोच निळा पुन्हा हवा. गावभर दारोदार फिरून त्याने राख मागितली. भट्टी उघडली की नवे भांडे त्या वाडग्याशेजारी धरी आणि रंग जुळला नाही की फोडून टाकी. चांगली, देखणी भांडी हो! पण त्याला अडवायला घरात होते कोण?

एके सकाळी म्हाताऱ्याने त्याची कालवलेली झिलई उकिरड्यावर ओतून दिली आणि म्हणाला, आज तुझ्याकडे जेवायला येतो. गेनू गडबडला. साळू गेल्यापासून तो शेजारच्यांनी दिलेल्या भाकरीवर भागवत होता. चूल पेटलीच नव्हती. पण गुरूला नाही कसे म्हणायचे? धुरात डोळे चोळत त्याने पिठले केले, भाकरी करपवली. म्हाताऱ्याने ती पिठल्यात कुस्करून खाल्ली. मग गेनूने विचारले, झिलई का ओतलीत?

"साऱ्या गावाची राख गोळा केलीस, गेनू, आणि तुझ्या चुलीत आजवर चिमूटभर नव्हती. तो निळा साळूने ठरवून आणला नव्हता. ती रोज रांधत होती, एवढंच. त्या राखेवर आग एकदा प्रसन्न झाली. आता आग दुसरं काही देते, ते तू बघतही नाहीस. माणूस परत यायचं नाही, बाबा. भूक मात्र रोज येते. चूल पेटव."

गेनू रोज रांधू लागला. पुरेशी राख साठल्यावर तिची झिलई केली. भट्टीतून वाडगा निघाला तो हिरवट करडा, काठावर एक तांबूस ओघळ. निळा नव्हताच. गेनू तिथेच बसून रडला. पण वाडगा त्याने फोडला नाही. घरी नेला, चूल पेटवली, आमटी केली आणि त्या वाडग्यात वाढून घेतली. समोर कुणी नव्हते. तरी त्या दिवशी तो आमटी गार होऊ न देता जेवला.