वस्तादांनी मुद्दाम बंद पाडलेली गाडी

एकदा एका वस्तादांकडे एक जुनी फटफटी दुरुस्तीला आली, आणि तिच्याबरोबर तिच्या आजाराचं कारण आधीच ठाऊक असलेली माणसंही आली. गाड्या दुरुस्त करणाऱ्यांचं आयुष्य यामुळेच खडतर असतं. दोष गाडीत असतो आणि खात्री माणसांत. त्यातली गाडी निदान खोलता तरी येते.

वस्ताद वृद्ध होते. तालुक्याच्या गावी, एस्टी स्टँडच्या मागे, पत्र्याच्या शेडखाली त्यांनी उभा जन्म काढला होता. आता हात थरथरत, म्हणून पाना शिष्याच्या हाती असे. शिष्याचं नाव गोरख. गोरख कुशल होता, चपळ होता, आणि तक्रार पुरी व्हायच्या आत इलाज सांगून मोकळा होत असे. अलीकडेच वस्ताद त्याला म्हणाले होते, "शेड आता तूच बघ." तेव्हापासून तर त्याला ऐकून घेणं हा वेळेचा अपव्यय वाटू लागला होता.

गाडी श्रीरंगची, खरं म्हणजे त्याच्या दिवंगत वडिलांची. म्हणून त्याच्या आईचा तिच्यावर फार जीव. श्रीरंग तिच्यावरून रोज दुकानात जाई, मंडईत जाई, आणि गाडी कधी हूं की चूं करत नसे. पण त्याचं लग्न झालं आणि विपरीत घडू लागलं. नव्या बायकोला, रेवतीला, मागे बसवून तो गावाबाहेर पडला की वीटभट्टीपाशी गाडी आचके देई आणि मान टाकी. पहिल्यांदा माहेरी जाताना झालं. मग कुलदैवताला जाताना. मग मावशीकडे जेवायला जाताना. टाकी तर सकाळीच काठोकाठ भरलेली असे, त्यामुळे श्रीरंग झाकण उघडायच्या भानगडीत पडत नसे. किका मारून दमला की गोरखला बोलावणं धाडी. तोवर येणारेजाणारे थांबत. लग्नात नवरीलाही मिळत नाहीत इतके सल्ले बंद पडलेल्या गाडीला मिळतात.

गोरख येई, सगळं पारखून बघे, कार्बोरेटर खोली आणि गाडी चालू करून देई. पहिल्या वेळी म्हणाला, "जेटमध्ये कचरा." दुसऱ्या वेळी, "फ्लोटची सुई झिजलीय." मग, "प्लग काळा पडलाय." दर वेळी गाडी चालू झाली, त्यामुळे दर वेळी तो बरोबर ठरला. शेवटी बदलण्यासारखं काही उरलं नाही, आणि गाडी तर पुन्हा बंद पडली. तेव्हा गोरखने हात पुसले आणि जाहीर केलं, "आता गाडीत दोष नाही."

हे वाक्य त्याने सहज टाकलं. ते घरी जाऊन पोचलं.

"गाडीत नाही, मग दोष कुणात?" सासूबाई म्हणाल्या. बाई काही दुष्ट नव्हत्या. त्यांनी फक्त वजाबाकी केली. लग्नाआधी गाडी ठणठणीत होती. लग्नानंतर बंद पडते. तीही ही मागे बसली तरच. गाडीतून गाडी वजा केली की उरतो तो सुनेचा पायगुण. ठरलं असं की, गुरुजी पत्रिका पुन्हा बघेपर्यंत रेवतीने थोडे दिवस माहेरी राहावं. थोडे म्हणजे किती, हे कुणी सांगत नव्हतं, आणि नव्या सुनेने ते विचारायचं नसतं.

तर अशा रीतीने एका सकाळी श्रीरंग, त्याची आई आणि पिशवी घेतलेली रेवती एस्टी स्टँडवर आले. गाडी श्रीरंगने शेडपाशी उभी केली.

"वस्ताद, एस्टीला अवकाश आहे. एकदा तुम्ही स्वतः बघता का?"

गोरख आतून ओरडला, "अहो, मी बघितलीय ना! वस्तादांना कशाला त्रास?"

"तू बघितलीस म्हणूनच विचारतोय," श्रीरंग म्हणाला.

वस्ताद सावकाश उठले. गाडीभोवती एक फेरी मारली. टाकीपाशी वाकून झाकण नीट न्याहाळलं, त्याच्यावरून अंगठा फिरवला आणि अंगठ्याकडे पाहत राहिले.

"केव्हापासून त्रास?"

"लग्नापासून," सासूबाई म्हणाल्या. "आणि ही बसली की."

वस्तादांनी रेवतीकडे पाहिलं. ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत उभी होती. मग त्यांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. खांद्यावरचा कोरडा रुमाल काढून तो टाकीच्या झाकणावर सैलसर बांधला आणि वर गाठ मारली.

"श्रीरंग, तू चालव. गोरख, तू मागे बस. वीटभट्टीच्या पुढे जाऊन या. बंद पडली तर काय हवं ते खोला. ही गाठ मात्र सोडायची नाही."

"रुमालाने गाडी दुरुस्त होते, वस्ताद?"

"नाही."

"मग?"

"मग जा."

"अहो पण ती न बसता काय कळणार?" सासूबाई वैतागून म्हणाल्या. "ही बसल्यावरच तर..."

"म्हणूनच वहिनी," वस्ताद म्हणाले. "तुम्ही बसा सावलीत."

गाडी फडफडत निघून गेली. सासूबाई बाकड्यावर बसल्या. "आता बघा कशी वाऱ्यासारखी पळेल," त्या म्हणाल्या. वस्तादांनी ऐकलं न ऐकलं केलं. रेवती उभीच होती. बस असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. एक एस्टी आली आणि गेली. ती तिच्या गावची नव्हती.

बऱ्याच वेळाने रस्त्याच्या वळणावर गाडी दिसली, पण आवाजाशिवाय. गोरख तिला मागून ढकलत होता, श्रीरंग हँडल धरून चालत होता, आणि दोघांचं भांडण त्यांच्याही आधी शेडमध्ये येऊन पोचलं.

"मी एकटाच ढकलतोय! तुम्ही नुसतं हँडल धरताय!"

"हँडल सोडलं तर ओढ्यात जाईल! एवढा मोठा कारागीर म्हणवतोस, एक गाडी चालू करता येईना?"

"जेट फुंकला, प्लग बदलला, चोक देऊन बघितला, न देऊन बघितला!" गोरखने गाडी स्टँडवर लावली आणि कपाळावरचा घाम निपटून टाकला. "दोन ठसके देते आणि गप्प बसते. किक मारून पोटरी सुजली माझी. वस्ताद, ही भंगारात घाला. नाहीतर मला घाला."

"कुठे बंद पडली?"

"कुठे म्हणजे? वीटभट्टीपाशी!"

वस्ताद सासूबाईंकडे वळले. "वहिनी, मागे कोण बसलं होतं?"

"हा... गोरखच की."

"मग आता याचा पायगुण बघायचा का? याची पत्रिका असेल हो कुठेतरी याच्या आईकडे."

"वस्ताद!" गोरख कळवळून म्हणाला. श्रीरंगला हसू आलं. आईकडे बघून त्याने ते गिळलं. सासूबाईंची वजाबाकी कुठेतरी हातच्याला चुकली होती आणि त्या मनातल्या मनात ती पुन्हा मांडत होत्या.

आता वस्ताद रेवतीला म्हणाले, "पोरी, दर वेळी तू गाडीवर होतीस. गोरख आला की सगळ्यात आधी काय करायचा?"

रेवतीने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. मग म्हणाली, "झाकण उघडून पेट्रोल बघायचे."

"मग?"

"मग एक सुस्कारा ऐकू यायचा."

"कुणाचा?"

"गाडीचा. कोंडलेलं माणूस सुटल्यावर सोडतं तसा. त्यानंतर गोरखभाऊ बराच वेळ कार्बोरेटर पुसत बसायचे. आणि गाडी चालू झाली की म्हणायचे, बघा."

गोरखने नजर खाली घातली.

"अगं, मग हे आधी का नाही सांगितलंस?" श्रीरंग जवळजवळ ओरडलाच.

"तुम्ही विचारलं नाहीत," रेवती शांतपणे म्हणाली. "मला विचारलंत ते एवढंच की, निघताना मांजर आडवं गेलं होतं का."

वस्तादांनी रुमालाची गाठ सोडली आणि गोरखला खुणेने झाकण उघडायला सांगितलं. त्याने ते फिरवलं मात्र, टाकीने लांबलचक श्वास आत ओढला. सगळ्यांनी ऐकला. मग गोरखने सुजल्या पायाने किक मारली आणि गाडी, जणू काही घडलंच नाही अशा निर्लज्जपणे, पहिल्या किकेला चालू झाली.

वस्तादांनी झाकण हातात घेऊन उलटंसुलटं दाखवलं. "याला इथे केसाएवढं भोक असतं. खाली पेट्रोल उतरलं की तेवढी हवा वरून आत यावी लागते. वहिनी, तेलाच्या बंद डब्याला तुम्ही एकच भोक पाडता का?"

"छे, दोन पाडते. एकाने तेल धड येत नाही, अडकत..." सासूबाई बोलता बोलता थांबल्या.

"तसंच आहे हे. श्रीरंग एकटा जातो तो दुकानापर्यंत. तेवढ्यात गाडीचा श्वास कोंडत नाही. लांब जातो तो बायकोला घेऊन. म्हणून वीटभट्टी." त्यांनी टाचणीने भोकातला लाल, कडक झालेला लगदा उकरून तळहातावर घेतला. "कुंकू दिसतंय. तेलात कालवलेलं."

सासूबाईंचा चेहरा उतरला. वरात दारात आली तेव्हा नव्या सुनेबरोबर गाडीलाही त्यांनी ओवाळलं होतं. पुसलं जाऊ नये म्हणून कुंकू तेलात घट्ट कालवून स्वतःच्या बोटाने झाकणावर थापलं होतं, आणि पुढेही दर शुक्रवारी त्यावर भर घातली होती. "म्हणजे मीच का?" त्या अगदी हळू म्हणाल्या. "मी देवाच्या भावाने लावलं हो."

"भाव चुकला नाही वहिनी, जागा चुकली. चाकाला लावा, दिव्याला लावा. माणसाला ओवाळताना आपण कुंकू कपाळाला लावतो, नाकात नाही भरत. आणि तुम्ही म्हणत होता ते सगळं खरंच होतं. गाडी लग्नापासूनच बिघडली. ही बसली तरच बंद पडत होती. दोन्ही गोष्टी खऱ्या, आणि दोन्हींत या पोरीचं काही नाही."

सासूबाई बाकड्यावरून उठल्या. सुनेची क्षमा मागावी, असा प्रघात त्यांच्या घरात नव्हता. त्यांनी बाकड्यावरची जागा पदराने झाडली आणि त्रासिक स्वरात म्हणाल्या, "उभी काय राहिलीस मघापासून? बस ना."

रेवती बसली.

श्रीरंग आईकडे पाहत म्हणाला, "मग आता एस्टीचं काय करायचं?"

"मला काय विचारतोस?" सासूबाई डाफरल्या. "तिला विचार."

रेवतीने थोडा विचार केला. "माहेरी जाऊन येते," ती म्हणाली. "आईने माझ्या आवडीचं करून ठेवलं असेल. पण गाडीवरून जाऊ. संध्याकाळी परत येऊ."

ते गेले. वीटभट्टी त्या दिवशी मागे पडली, आणि गाडीने तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

इकडे गोरख मात्र अस्वस्थ होता. पोटरी चोळत म्हणाला, "वस्ताद, एक सांगा. झाकणावर अंगठा फिरवलात तेव्हाच तुम्हाला कळलं होतं ना?"

"हो."

"मग त्याच वेळी टाचणी का नाही घातली? एका क्षणाचं काम. उन्हातून आम्हाला ढकलत का आणलंत?"

वस्ताद म्हणाले, "टाचणीने गाडी बरी झाली असती. पण लोक काय म्हणाले असते? वस्तादांनी गाडी नीट केली, सुनेचा पायगुण आता निवळला. म्हणजे तिला माफी मिळाली असती, सुटका नाही. उद्या चाक पंक्चर झालं असतं, परवा दूध नासलं असतं, आणि बोट फिरून तिच्याकडेच आलं असतं. म्हणून ती गाडीवर नसताना, सगळ्यांच्या देखत, गाडी एकदा बंद पडणं गरजेचं होतं. आणि झाकण तुला उघडू दिलं असतं, तर तू ती नेहमीसारखी चालू करून आला असतास. तुझी अडचण अपयशाची नाही, गोरख. दर वेळी तुला यश आलं आणि ते कशाने आलं, हे तू बघितलंच नाहीस. तुला दोष सापडला नाही. तू म्हणालास, दोष नाही. जिला सगळ्यांनी आरोपी केलं, ती एकटीच साक्षीदार होती. तिला कुणी विचारलं नाही, आणि ते काम कारागिराचं होतं."

दुपार टळेपर्यंत गोरख हत्यारं पुसत राहिला; जी स्वच्छ होती तीसुद्धा.

तेवढ्यात एक गृहस्थ स्कूटर ढकलत आले. घामाघूम झाले होते आणि दुरूनच सांगत होते, "कार्बोरेटरच आहे! मला विचाराल तर सरळ बदलून टाका. चढावर पिकअप म्हणून घेत नाही."

गोरखचा हात सवयीने पान्याकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला.

"मागे कोण बसतं?" त्याने विचारलं.

"मागे? बायको बसते. तिचा काय संबंध? तिला काय कळतंय गाडीतलं?"

गोरखने स्टूल पुढे सरकवलं आणि फडक्याने पुसलं.

"घेऊन या त्यांना," तो म्हणाला. "मी थांबतो."