वाऱ्याचं दही की वाऱ्याची कुरडई?

“एकच सांगा! दोन चालणार नाहीत!” वावटळगडाचे चक्रसेन महाराज गरजले. गडावर पवनचक्क्या शंभर. आषाढात वारा असा सुटायचा, की वीज उतू जायची. कार्तिकात मात्र पान हलत नसे आणि ऐन दिवाळीत राजवाडा अंधारात! ही वीज साठवायची कशात, यावरून दरबारात महिनाभर जुंपली होती.

“बॅटरीत!” बॅटरीशास्त्री ओरडले. “दहा भाग घाला, नऊ परत घ्या!”

“आणि दिवाळीपर्यंतची वीज ठेवायला बॅटऱ्या किती? गड पुरायचा नाही!” हायड्रोजनाचार्य उसळले. “विजेने पाणी फोडा, हायड्रोजन टाकीत कोंडा, कार्तिकात त्याची पुन्हा वीज करा!”

“दहातले सहा-सात भाग वाटेत सांडून!” शास्त्रींनी टोला हाणला.

ताकाचे पेले फिरवणारी तानूबाई, मुदपाकखान्याची आचारीण, फिस्सकन हसली. झालं! महाराजांनी डोळे वटारले.

“हसतेस? मग तूच सांग. उद्या दुपारच्या जेवणापर्यंत एक उत्तर दे. चुकलीस, तर पळी-झारा ठेवून गड उतरायचा!”

तानूबाई मुदपाकखान्यात परतली. वीस वर्षं सांभाळलेली चूल! बॅटरी म्हणावं तर आचार्य वाभाडे काढणार, हायड्रोजन म्हणावं तर शास्त्री. महाराजांच्या हट्टावर चार शिव्या हासडत तिने दुधाला विरजण लावलं आणि मग तिचा हात थबकला.

दुसऱ्या दिवशी महाराज पाटावर बसले. तानूबाईने कवडीदार दही वाढलं. “कालच लावलं. शेरभर दुधाचं जवळजवळ शेरभर दही, वाया काही नाही.” मग तळलेली कुरडई वाढली. “ही चैत्रातली. गहू तीन दिवस भिजवले, वाटले, चीक काढला, चोथा म्हशीपुढे गेला. पण वाळवली, म्हणून आज आषाढातही कुरकुरते.”

“वा! झकास!” महाराजांचं तोंड भरलेलं.

“आता यातलं एक बंद करते. हुकूमच आहे एकाचा! दही ठेवू? मग चैत्रात लावलेलं दही आषाढात वाढीन.”

“शी!”

“कुरडई ठेवू? मग सकाळी भूक लागली, की गहू भिजत घालते. न्याहारी पाचव्या दिवशी!”

“अगं, मरेन मी उपाशी!” महाराज किंचाळले. “उद्याचं खाणं वेगळं, तीन-चार महिन्यांनंतरचं वेगळं!”

“मग विजेला पोट नाही का, महाराज? आज रात्री लागणारी बॅटरीत ठेवा, दिवाळीला लागणारी हायड्रोजनात. आणि आपल्याला उत्तर एकच हवंय ना? हे घ्या: कशात ठेवायची ते नंतर, कधी लागणार ते आधी विचारा!”

महाराज हसता हसता ठसकले. शास्त्रीबुवांनी पाठ थोपटली, आचार्यांनी पाणी दिलं.

“तानूबाई, चूल तुझीच! माग, काय हवं ते!”

“चैत्रात कुरडयांचा चीक घाटायचा असतो. हात मोडून येतात, महाराज. दोन धट्टेकट्टे गडी द्या.” तिने दोघा विद्वानांकडे नीट निरखून पाहिलं.

“दिले!” महाराज म्हणाले आणि पुन्हा ठसकले.