चार कोस झाडी

"चूक कुठं आहे, तेवढं तरी सांगा!" भानुभट चिडून म्हणाला.

नर्मदेची परिक्रमा पुरी करून तो नुकताच मठात परतला होता. सगळी वाट त्यानं लिहून काढली होती. घाट कुठं, धर्मशाळा कुठं, प्यायचं पाणी कुठं. विद्वान माणूस, अक्षर मोत्यासारखं. आता गुरूंनी पाठ थोपटावी, एवढंच बाकी होतं.

भैरवगिरी बाबा भिंतीला टेकून बसले होते. गुडघे सुजलेले. सकाळपासून ऐकून ऐकून थकले होते बिचारे.

"चूक नाही रे... झाडीचं पुन्हा वाच."

"'मठावरून पुढे चार कोस झाडी. येथे चोर राहतात. आणखी काही नाही.'"

"तुला लुटलं?"

"लुटलं म्हणजे! लंगोटीवर सोडलं लेकांनी."

परिक्रमेला निघालेला जो तो तिथं लुटला जातो. रीतच पडून गेली आहे ती.

"मग? उपाशीच चाललास?"

"नाही... एका म्हातारीनं भाकरी दिली. झोपडीत निजवलं."

"कुणाची म्हातारी?"

भानुभट घुटमळला. "लुटणाऱ्याचीच आई."

"ते लिहिलं नाहीस."

"वाटेच्या वर्णनात भाकरी कशाला, बाबा? लोकांना वाट कळली म्हणजे झालं."

"हं... कुणाला दिलंस हे?"

"सरदारांनी नक्कल मागवली होती. स्वार सकाळीच घेऊन गेला. झाडी साफ करायला आजच फौज निघतेय म्हणे!"

बोलता बोलता त्याची छाती फुगली. मग आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं.

"बाबा... तिथं पोरंबाळं आहेत हो."

"तुझ्या वर्णनात तर कुणीच नाही."

"काय करून बसलो मी! आता काय करू?"

बाबा काठी धरून कण्हत उठले. "तू पळ. म्हातारीला सांग, लेकरं घेऊन डोंगरात जा म्हणावं."

आणि स्वतः मठाबाहेर जाऊन झाडीकडच्या वाटेवर मधोमध आडवे झाले.

"अहो बाबा, उठा! फौज माझं लिहिलेलं वाचत याच वाटेनं येणार. घोडी अंगावरून जातील!"

"येऊ दे..." बाबांनी डोळे मिटले. "वाटेत म्हातारा आडवा पडलाय, हे तरी कुठं लिहिलंयस तू?"