पहिली धार भुईला

शके अठराशे ऐंशी, चैत्र वद्य पंचमी. उन्हाळा तापू लागला होता. साल लक्षात ठेवा, मुलांनो. ज्या गोष्टीला साल नाही, ती मी सांगत नाही.

त्या उन्हाळ्यात एका रानात एक हरिणी राहत होती. तिला पहिलेच पाडस झाले होते. पहाटे मोहाची फुले टपटप गळत आणि रानभर गोड वास दाटून राही. ऊन चढले की समोरची टेकडी पाण्यातल्या सावलीसारखी हलू लागे. सगळे रान अर्धवट झोपेत असे. जागे असे ते एकटे पाडस. ते आईच्या कासेला लागे, दोन घोट घेई आणि एकदम तोंड सोडून, मान झटकून रडे. पुन्हा लागे, पुन्हा सोडे. त्याच्या बरगड्या दिसू लागल्या होत्या. इकडे पाणवठा आटत आला होता. अमावास्येला कळप डोंगरापलीकडच्या नदीकडे निघणार होता. ज्याला चालवणार नाही, ते मागे राहणार. कळपाचा नियमच तो. अमावास्येला दहा दिवस उरले होते.

कळपातली थोरली हरिणी म्हणाली, "अगं, दूधच नसेल तुला. अंगात आहे काय तुझ्या? आमच्या वेळी पोरं कासेवरून ओढून काढावी लागत."

"दूध आहे," फांदीवरून कावळा म्हणाला. "बाई पान्हा चोरते. मी वरून सगळं बघतो."

"पोरच हट्टी आहे," कोल्हा म्हणाला. "दोन दिवस माझ्याकडे द्या. कायमचं गप्प करतो."

थोरलीने खूर आपटून कोल्ह्याला पिटाळले. पण थोरलीचे बोलणे हरिणीच्या मनाला लागले. दूध वाढावे म्हणून ओढ्याकाठचे उरलेसुरले हिरवे तिने ओरबाडून खाल्ले. पोट फुगेस्तोवर पाणी प्यायली. कास गच्च भरेपर्यंत पाडसाला जवळ येऊ दिले नाही. मग पाजायला उभी राहिली. पाडस लागले, ठसकले, त्याच्या नाकातून दूध आले. ते आधीपेक्षा जास्त रडले.

"माझं दूध नको," हरिणी म्हणाली, "तर मी तुला देऊ काय रे?"

जवळच पळसाखाली एक म्हातारी म्हैस बसली होती. भाकड झाली म्हणून गवळ्याने तिला सोडून दिले होते. दात पडले होते. वाळके गवत तिला चाववत नसे. मोहाची गळलेली फुले चघळून ती दिवस काढी आणि डोळे मिटून बसे. आता ती फुलेही संपत आली होती.

"पुन्हा पाज," ती डोळे न उघडता म्हणाली. "मला ऐकू दे."

हरिणीने पाजले. गट, गट, गट. मग ठसका. मग रडणे.

"दूध कमी नाही, बाई. जास्त आहे," म्हैस म्हणाली. "धार त्याच्या घशावर आदळते. एक घोट गिळायच्या आत दुसरा येतो. ते तुझ्यावर रुसत नाही. जीव वाचवतं."

"मग करू काय, मावशी?"

"आमच्या गोठ्यात रेडकू आधी लावायचे. पान्हा फुटला की बाजूला घ्यायचे. पहिली धार भुईला. गवळीण म्हणायची, भुईचा मान आहे. तू तेच कर. जोर ओसरला की पाज. आणि कास गच्च होईस्तोवर थांबू नकोस. थोडं थोडं, पुष्कळदा."

"बाजूला घेतलं की रडेल ते."

"रडेल. दहा श्वास रडेल. आता दिवसभर रडतं, ते गोड वाटतं का?"

हरिणी पाजायला उभी राहिली. पाडसाने तोंड लावले. पान्हा फुटताच ती दोन पावले सरकली. उन्हात दुधाचा पांढरा दोरा लांब पडला आणि भुईत जिरला. पाडस रडले. तरी हरिणी सरकलेलीच राहिली. धार मंदावली तशी तिने त्याला जवळ घेतले. घोट. विसावा. घोट. पाडसाचे डोळे मिटत गेले. म्हशीचे मिटलेलेच होते. वर पळसाचे उरलेले एक फूल सुटले आणि गिरक्या घेत, कोणतीही घाई नसल्यासारखे, खाली आले.

पहिल्या दिवशी दोनदा साधले, तीनदा फसले. हरिणीने सोडले नाही. सावली फिरेल तशी ती पळसाभोवती फिरे, आणि दर वेळी पहिली धार भुईला देई. चौथ्या दिवशी पाडस दूध पिऊन उड्या मारू लागले. थोरली जाता जाता म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं? खायला पाहिजे."

अमावास्येची पहाट झाली. कळप उभा राहिला. पाडस सगळ्यांत पुढे. पळसाभोवती, जिथे जिथे धार पडली होती तिथे, कोवळे गवत उगवले होते. आसपास सगळे रान पिवळे, आणि मध्ये सावलीएवढे हिरवे. कसे उगवले ते मला विचारू नका. उगवले. पाडस धावत येऊन ते हुंगू लागले.

"तिथे तोंड लावू नकोस," हरिणी म्हणाली. "ते आपलं नाही."

मग ती म्हशीजवळ गेली. "ऊठ, मावशी. चारच पावलं आहेत."

म्हैस उठली. चार पावले चालली. मान खाली घालून तिने ते गवत नुसत्या ओठांनी खुडले, आणि खाल्ले.

तात्पर्य एवढेच : लेकराला हट्टी आणि आईला उणी म्हणण्याआधी, घोट कसा पडतो ते ऐकावे.