धूरमाळावरचा ओला ढीग

समोर धुमसतोय तो ढीग ओल्या फांद्यांचा आहे. खोकला येणारच. पाणी प्या, हवं तर त्या दगडावर टेका, पण वणवा लागला असं समजून कोणाला फोन करू नका. गेल्या वर्षी एका पाहुण्यांनी केला आणि बिचारे बंबवाले तालुक्याहून हेलपाटा घालून आले. ऐन, करंज, हिरडा, परसातली छाटणी, कुंपणाच्या निरगुडीचे फोक, सगळं आजच्या आज तोडून आणलेलं आहे. घरटी एक भारा. खाली पेटवणाला शेणी असतात, पण वर वाळकी काटकी चालत नाही. या माळाला धूरमाळ म्हणतात आणि आमच्या बोरथळात दर वैशाखात हा ढीग लागतो. मी गेनू शेडगे, सत्तर पावसाळे इथेच पाहिले. मला जसं सांगितलं गेलं तसं तुम्हाला सांगतो.

वरचा गड तेव्हा नांदता होता. राज्य कोणाचं होतं ते मला विचारू नका, दोन म्हातारे त्यावरून अजून भांडतात. गडावर एक गडकरी होता आणि त्याच्या हाताखाली साठ-सत्तर शिपाई. शत्रू दिसला की पलीकडच्या डोंगरावरची चौकी धूर करायची आणि तो धूर पाहून गडाचे दरवाजे लागायचे. एका वैशाखात पहारेकऱ्याने आमच्या खोऱ्यातला धूर पाहिला आणि त्याला तो चौकीचाच वाटला. नगारे झडले, दरवाजे लागले आणि गडकऱ्याच्या लेकीच्या सासरचं वऱ्हाड दिवसभर उन्हात दाराबाहेर ताटकळलं, असे सांगतात. चूक पहारेकऱ्याची, पण गडकऱ्याने राग काढला आमच्यावर. दवंडी पिटवली की होळीपासून पाऊस पडेपर्यंत खोऱ्यात चुलीखेरीज कुठेही धूर दिसता कामा नये.

तुम्हाला वाटेल, नाही केला धूर तर काय बिघडलं? आमच्या डोंगरातलं भात राबाशिवाय होत नाही. रोपं करायच्या तुकड्यावर शेण, फांद्या, पालापाचोळा पसरायचा, वर माती टाकायची आणि पावसाआधी ते सगळं भाजायचं. तणाचं बी मरतं, जमिनीला राख मिळते, मग रोप जोम धरतं. कच्च्या जमिनीत पेरलं तर भातापेक्षा गवतच जास्त.

पहिल्या वर्षी आमच्या लोकांनी हुकूम मानला. हे सांगताना मला अजून लाज वाटते. रोपं पिवळी पडली, तण मांडीला लागलं आणि पुढच्या श्रावणापर्यंत धान्य पुरणार नाही हे दिवाळीतच कळून चुकलं. माघापासून लोक रानात कंद खणायला लागले. कडूकंद पुष्कळ उकडावा लागतो, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवावा लागतो, तेव्हा त्यातलं विष उतरतं. भुकेल्या पोराला एवढा धीर कुठला? ठकूबाई कोंडाळकर नावाची एक विधवा होती. तिच्या सहा वर्षांच्या लेकीने, पुतळाने, अर्धाकच्चा कंद खाल्ला आणि ती दुसरा दिवस उजाडायच्या आत गेली. त्याच महिन्यात दोन घरं देव टोपलीत घालून खोरं सोडून गेली.

पुन्हा वैशाख आला. गावात एका पेरणीपुरतं बियाणं राहिलं होतं. ही पेरणी फसली की बोरथळ उठणार, हे सगळ्यांना कळत होतं. देवळात बैठक बसली आणि जाणत्यांनी तोड काढली की राब अंधारात भाजावेत, गडावरून धूर दिसणार नाही. ठकूबाई दाराशी उभी होती. ती तिथूनच बोलली म्हणे.

"चोरी क्येलीया व्हय आपण? भात पेरायचंय आपल्याला. दिवसाउजेडी पेटवायचं, आन् त्येला दिसंल आसं पेटवायचं."

कोणी मान वर केली नाही. तेव्हा ती घरी गेली, कोयता घेतला, कुंपण छाटलं, दारातला करंज ओरबाडला, परसातला होता नव्हता तो हिरवा पाला बांधला आणि एकटीने दहा खेपा घालून या माळावर आणला. वाळलेलं तिने मुद्दाम घेतलं नाही. वाळलेलं भुरकन जळून जातं. ओलं मात्र जळता जळत नाही आणि धूर असा देतं की कोसावरून दिसावा. खाली शेणी लावून तिने भर दुपारी ढीग पेटवला आणि त्याला टेकून बसली.

गडावरून दहा शिपाई धावत आले. "इझव," म्हणाले. ती म्हणाली, "तुमीच इझवा."

आता पाहा, आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल की धुमसत्या ओल्या पाल्यावर पाणी ओतलं की धूर वाढतो. फांद्या ओढून पसरायच्या आणि माती टाकायची, एवढं सोपं काम. पण शिपाई बाहेरच्या मुलखातले. त्यांनी गडाच्या टाक्यातून पखाली भरभरून आणल्या आणि ढिगावर रिकाम्या केल्या. हातासरशी ठकूबाईवरही ओतल्या. धुराचा लोट उठला तो थेट गडाच्या तटाला जाऊन भिडला. त्या दिवशी वारा पडला होता असे सांगतात, त्यामुळे तो तिथेच बसून राहिला.

बाई भिजून ओलीचिंब धुरात बसलेली गावाने पाहिली आणि मग गावाला राहवेना. आधी बायका आल्या, प्रत्येकीच्या डोक्यावर हिरवा भारा. मागून खाली मान घालून पुरुष आले. तीन दिवस गाव फांद्या टाकत होतं आणि गड पाणी ओतत होता. टेहळणीवरच्याला स्वतःचा हात दिसेना, मग चौकीचा धूर काय दिसणार! तिसऱ्या दुपारी पखाली वाहणारा म्हातारा हात जोडून गडकऱ्यापुढे उभा राहिला. "सरकार, टाक्याचा तळ दिसाया लागला. पाऊस अजून महिनाभर लांब हाय."

तेव्हा गडकरी स्वतः नाकाला शेला लावून खाली उतरला. त्याने तलवार का उपसली नाही, याची लोक दोन कारणं देतात. कोणी म्हणतात, पुतळाची हकीकत त्याच्या कानावर गेली होती आणि त्यालाही लेक होती. कोणी म्हणतात, धुरात माणसं किती उभी आहेत ते त्याला मोजता येईना. मला विचाराल तर दुसरं खरं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "राब भाजा. पण दर साली आधी गडावर यायचं, आमची परवानगी मागायची आणि मग विस्तव लावायचा."

गावातल्या माणसांनी सुटकेचा श्वास टाकला. दोघेचौघे मुजऱ्याला वाकलेसुद्धा. ठकूबाई उठली. तिचा डावा डोळा त्या धुरात गेला असे सांगतात, माझे चुलते तर दोन्ही गेले म्हणायचे. तिने पदराने तोंड पुसलं नाही.

"मागनार न्हाई," ती म्हणाली. "गेल्या साली तुमचं ऐकलं, त्यात माझी पुतळा ग्येली. जमीन आमची, बी आमचं, मेली ती पोर आमची. तुमचा पहारेकरी पुन्यांदा घाबरू न्हाई म्हनून सांगून जाऊ. सांगू, आन् माघारी येऊ. तुमी हो म्हना, न्हाई म्हना, आमी थांबनार न्हाई."

गडकरी शेला पुन्हा नाकाला लावून वळला. परत वर गेला. त्याच संध्याकाळी खोऱ्यातले सगळे राब पेटले आणि त्या साली भात असं आलं की सोडून गेलेली दोन्ही घरं आपापले देव घेऊन परतली.

गड पुढे ओस पडला. वर आता दरवाजाची चौकट आणि वटवाघळं, बाकी काही नाही. आजही राब भाजायच्या दिवशी सकाळी गावातली एक बाई गड चढते, त्या चौकटीत उभी राहते आणि मोठ्याने सांगते, "बोरथळ आज राब भाजतंय!" सांगून झालं की तिथे क्षणभरही थांबायचं नाही. पाठ फिरवून उतरायचं आणि उतरताना मागे बघायचं नाही. मागे बघितलं, म्हणजे उत्तराची वाट पाहिली असं धरतात, आणि मग पुन्हा वर जाऊन पुन्हा सांगावं लागतं. माझी सून लग्न होऊन आली त्या वर्षी तिला तीनदा चढावं लागलं. आज सकाळी ती एकदाच गेली, ताठ मानेने खाली आली आणि या ढिगाला विस्तव तिनेच लावला.