भिंत फोडू देणारा कुंभार

नदीकाठच्या एका गावात सगळी घरं कुंभारांची, आणि सगळी एकमेकांवर डोळा ठेवून. मातीत राख किती मिसळायची, हे नवी सून घरात मुरेपर्यंत तिलाही सांगत नसत. शेजारी नुसता खोकला तरी यांना वाटायचं, मेला डोकावतोय.

त्या गावातल्या एका कुंभाराने आपली जुनी भट्टी मोडली आणि त्याच विटांची एक मोठी भट्टी गावाबाहेर बांधली. थोड्या लाकडात ढीगभर मडकी भाजणारी. अडचण एकच होती. ती गच्च भरली तरच नीट तापायची. अर्धी भरली की मडकी तडकायची, आणि एकट्याच्या हाताने ती कधीच भरत नव्हती. लोक आले नाहीत तर त्याचा धंदाच बसणार होता.

त्याने दवंडी पिटली, "या, माझ्या भट्टीत फुकट भाजा!"

"फुकट? कुठंतरी पाणी मुरतंय," गाव म्हणालं.

"यात तुझा काय फायदा?" एकाने विचारलंच.

"छे छे, मला काही नको. गावाचं भलं व्हावं, बस," कुंभार म्हणाला.

झालं! संशय दुप्पट झाला. ज्याला काही नको असतं त्याला सगळंच हवं असतं, हे त्या गावात पोरांनाही ठाऊक होतं.

मग त्याने भट्टीपाशी गूळ-शेंगदाणे ठेवले. लोक आले, गूळ खाल्ला, धोतराला हात पुसले आणि घरी गेले.

शेवटी एक म्हातारी कुंभारीण आली. गावात सगळ्यांत संशयी तीच. भट्टीला फेरी मारून ती म्हणाली, "खरं सांग, आम्हाला कशाला बोलावतोस?"

कुंभार आता थकला होता. "आजी, तुम्ही आलात तरच भट्टी भरते. भरली तरच माझीही मडकी भाजतात. माझा स्वार्थच आहे."

"मग हे आधी बोलायला तुझी जीभ झडली होती?" म्हातारी म्हणाली. "आणि धुराची वाट वर का ठेवलीस? आग सरळ निघून जाते. ती वाट बुजव आणि मागची भिंत खालून फोड, म्हणजे आग मडक्यांतून फिरून जाईल."

ती भिंत कुंभाराने फार हौसेने बांधली होती. 'ही भट्टी बिघडवायलाच आली असली तर?' आता तोही गावासारखाच विचार करू लागला. तरी त्याने पहार उचलली आणि तिच्या हातात दिली.

म्हातारीने भिंत फोडली, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची मडकी आणली. दोघांच्या मडक्यांनी भट्टी कशीबशी भरली, आणि मडकी छान लाल भाजून निघाली. मग एकेक जण येऊ लागला. आधी भट्टीत डोकं घालून बघायचा, नावं ठेवायचा, मग आपल्या मनासारखं काहीतरी बदलायचा. कुणी भट्टीच्या तोंडाशी उंबरा उंचावला, कुणी आत विटांचा कट्टा बांधला. एकाने केलेला बदल फसला, तो सगळ्यांनी मिळून काढला.

पुढे कुंभार तापाने अंथरुणाला खिळला. बरा झाल्यावर धास्तावून भट्टीकडे धावला. बघतो तर भट्टी गच्च भरून धगधगत होती. त्याच्या अंगणात वाळत पडलेली कच्ची मडकीही कुणीतरी आणून मधोमध, सगळ्यांत चांगल्या जागी रचली होती.

"मी नसताना पेटवलीत?" त्याने विचारलं.

"म्हणजे काय?" म्हातारी खेकसली. "तू आजारी म्हणून आम्ही आमची भट्टी बंद ठेवायची?"

कुंभाराचे डोळे भरून आले.

तात्पर्य: फुकट दिलं म्हणून कुणी येत नाही, आपली गरज मोकळेपणाने सांगितली की येतात. आणि ज्यात आपला हात लागला, ते कुणी सोडून जात नाही.